भिंतीला ठेवलेली माया

टीपकाकूच्या गळ्यात बाराही महिने मापाची टेप लोंबत असायची. अख्ख्या गल्लीच्या अंगावर तिचे टाके होते. शिवणात तिचा हट्ट एकच : आत माया ठेवायची. शिवणीच्या आत मुडपलेलं ते बोटभर जास्तीचं कापड. पोर वाढलं, माणूस सुटलं, की टाके उसवून सैल करता येतं. गल्लीतली माणसं बिनघोर जेवायची ती त्या मायेच्या भरवशावर.

तिचं मशीन पुढच्या खोलीत, खिडकीपाशी. धाकट्या दिराने सोफा आणला आणि त्याची नजर नेमकी त्याच खिडकीवर गेली. मग मशीनची खडखड, चिंध्या, येणाऱ्याजाणाऱ्या बायका, सगळंच त्याला एकाएकी खुपायला लागलं. आधी पलंगाखालची जागा सुचवली. काकू ढिम्म हलेना, तेव्हा म्हणाला, "वहिनी, एवढं जिवापाड असेल तर परसात नेऊन बसा ना. तिथं कोण अडवतंय?"

टोमणाच होता तो. काकूने परवानगी म्हणून पदरात पाडून घेतला. नवऱ्याने नेहमीप्रमाणे आधी भावाकडे बघून मान डोलावली, मग बायकोकडे बघून. काकूला मात्र पक्कं ठाऊक होतं, मशीन एकदा पलंगाखाली गेलं की परत निघत नाही. आणि त्याच्यामागोमाग आपणही तिथंच जातो.

दुसऱ्या दिवशी तिने शिवणकामाच्या खडूने परसात खोली आखली. शेजारचा गवंडी थापी घेऊन हजर झाला. समोरच्या निवृत्त कंडक्टरांनी आपल्या पडक्या कुंपणाच्या विटा दिल्या. विटांची हातगाडी बोळातून मागे घेताना ते जन्माच्या सवयीने "येऊ द्या, येऊ द्या" करत राहिले आणि ती पाण्याच्या टाकीवर आदळल्यावर "बस" म्हणाले. इस्त्रीवालीने जुना दरवाजा दिला, वर सगळ्यांना चहाही पाजला.

भिंती छातीएवढ्या झाल्या. बघू तरी बसतंय का, म्हणून काकूने मशीन आत ठेवायला लावलं आणि स्टुलावर बसली. बसली ती अडकलीच. डावं कोपर भिंतीला, उजवं भिंतीला, गुडघे मशीनला. कंडक्टर म्हणाले, उभ्याने प्रवास करावा लागणार. दीर मागच्या दारात दात घासत उभा होता. त्याच्या तोंडातून फेस उडाला.

"वहिनी, खोली बांधली की शिवली? अंगाला अगदी घट्ट बसलीय!"

सगळे हसले. गवंडी बिचारा ओशाळला. पुटपुटला की माप काकूंनीच दिलेलं. खरंच होतं ते. रागाच्या भरात तिने मशीन मोजलं, स्टूल मोजलं, स्वतःला मोजलं आणि नेमकी तेवढीच रेघ ओढली. जगाला माया ठेवायला सांगणारी बाई स्वतःच्या खोलीला माया ठेवायला विसरली होती! तिचा चेहरा लालबुंद झाला. दारातून दीर समजुतीच्या सुरात म्हणू लागला की राहू दे आता, पलंगाखाली जागा आहेच.

काकू कशीबशी तिरपी होऊन बाहेर आली. गवंड्याला म्हणाली, "उसवा."

"अहो काकू, भिंत आहे ती."

"ओली आहे तोवर उसवा."

भिंत उसवली. विटा खरवडून पुन्हा रचल्या, रेघ चांगली हातभर बाहेर सरकली. आणि या खेपेला घराच्या बाजूच्या टोकाला काकूने एकाआड एक वीट बाहेर सोडायला लावली. गवंड्याच्या ध्यानात आलं. तो मिशीतल्या मिशीत हसला. वर पत्रे चढले. मशीन पुन्हा उचलून आत ठेवायची वेळ आली तेव्हा एका बाजूला गवंडी आणि दुसऱ्या बाजूला, कोणाकडेही न बघता, काकूचा नवरा. मान अजिबात न डोलावता.

संध्याकाळी दीर पाहणीला आला. भिंतीचं टोक बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"या विटा अशा दात विचकून का ठेवल्यात? काम पुरं करून घ्या की."

"पुरंच आहे. ती माया आहे, भाऊजी. काम वाढलं की खोली तिथूनच वाढवायची."

त्याने विटांच्या रोखाने पाहिलं. समोर मागचं दार, दाराच्या पलीकडे सरळ रेषेत पुढची खोली, खिडकी आणि खिडकीपाशी सोफा.

"म्हणजे घराच्या दिशेने?"

काकूने सुईत दोरा ओवला, दाताने तोडला.

"खिडकीपर्यंत बरंच अंतर आहे," ती म्हणाली. "सावकाश येते."

आणि तिने मशीनचं पायडल दाबलं.