जिन्याची पाळी आणि तीन पेन्सचा कर

जर्मनीत बॉबलिंगेनच्या आमच्या घरात घरमालक धरून चार बिऱ्हाडं होती. जिना झाडण्या-पुसण्याची पाळी आठवड्याने फिरे. तिला तिथे केअरवोख म्हणतात. पाळी संपली की लाकडी पाटी पुढच्याच्या दाराला अडकवायची. त्या वसंतात मालकाने कुणाला न विचारता स्वतःची पाळी आम्हाला देऊन टाकली. कारण काय, तर तुमच्याकडे पाहुणे फार. श्टुटगार्टला शिकणारी आपल्याकडची तीन मुलं रविवारी वरणभाताला येत, हे खरं. पण तळमजल्यावरच्या विधवेकडे दर आठवड्याला सात-आठ बायका पत्ते खेळायला येत.

"अहो, जाऊ द्या," बायको म्हणाली. "अर्ध्या तासाचं काम. हे घर गेलं तर दुसरं कोण देणार आहे आपल्याला?"

तिचं चुकत नव्हतं. खोल्यांची टंचाई होती, आणि आम्हाला पाहून रिकाम्या खोल्याही भरलेल्या निघत.

त्याच आठवड्यात मुलीला वर्गापुढे रेफेराट, म्हणजे छोटं भाषण करायचं होतं. विषय अमेरिकेचं स्वातंत्र्य. ती तेरा वर्षांची. मराठी सगळं समजे, उत्तर मात्र जर्मनमध्ये. जेवताना तिने वाचून दाखवलं, की इंग्रजांनी जड कर लादले म्हणून वसाहती लढल्या.

"जड कुठे?" मी म्हणालो. "पौंडभर चहावर तीन पेन्स. उलट शेवटी शेवटी कंपनीचा चहा स्वस्तच पडत होता."

"मग काय वेडे होते ते?"

मी क्रमाने सांगितलं. ज्या पार्लमेंटमध्ये त्यांचा एकही माणूस नव्हता, तिने त्यांच्या कागदपत्रांवर स्टँपचा कर लावला. त्यांनी अर्ज केले, इंग्रजी माल घेणं थांबवलं. कर उठला, पण सोबतच 'आम्ही हवा तो कायदा करू' असा कायदा झाला. मग काच, कागद, चहा. पुन्हा ओरड, चहा सोडून बाकीचे कर गेले. चहावरचा ठेवला तो हक्क दाखवायला. बोस्टनकरांनी चहा समुद्रात फेकला, इंग्लंडने त्यांचं बंदर बंद केलं. तोवर आपसांत भांडणाऱ्या वसाहतींना वाटलं, आज बोस्टन, उद्या आपण. पहिल्या अर्जापासून पहिल्या गोळीपर्यंत दहा वर्षं गेली. मग मात्र 'आमचं ऐका' संपलं आणि 'तुमचं राज्यच नको' सुरू झालं.

"आल्झो, म्हणजे प्रश्न पैशांचा नव्हता," मुलगी म्हणाली. " विचारलं नाही, याचा होता."

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हणालो.

"शिकवा, शिकवा," बायको ताटं उचलत म्हणाली. "जिना पुसणारी मी आहेच."

शनिवारी मालकाची पाटी आमच्या दाराला आली. मुलीने ती काढली आणि खाली जाऊन त्याच्याच दाराला लावली. मला कळलं ते घंटा वाजल्यावर. दारात मालक; मला तो माझ्या हुद्द्यानेच हाक मारी.

"हेर इंजेनिऊर, हे कुणी केलं?"

"आमच्या घरातून झालं. पाळी तुमची आहे."

"घरही माझं आहे. पटत नसेल तर पहिल्या तारखेला खोल्या सोडा."

आत भांड्यांचा आवाज थांबला. "गरज असेल तर दोन पाळ्या करू," मी म्हणालो. "पण चौघांना बसवून आधी विचारा."

"आणि नाही विचारलं तर?"

खालून दार उघडल्याचा आवाज आला. फोडणीचा वास गेला की काठीने छत ठोकणारी ती विधवा जिन्यातून ओरडली, "तर मीही झाडणार नाही! आज त्यांची वाढवलीत, उद्या माझी वाढवाल!"

तो उतरून गेला. रविवारी बायकोने ट्रंक काढून लोकरीचे कपडे भरले. मीही अडवलं नाही.

सोमवारी संध्याकाळी त्याने सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. बसा म्हणाला नाही. आपल्या बायकोचा गुडघा गेलाय, तिला जिना होत नाही, एवढंच म्हणाला.

"हे सांगायला तोंड नव्हतं का?" विधवा म्हणाली.

त्याची पाळी तिघांनी आळीपाळीने करायची ठरली. खोल्यांबद्दल तो बोलला नाही, आणि विचारायचा धीर मला झाला नाही. वर आल्यावर मी ट्रंक उघडायला वाकलो.

"राहू द्या," बायको म्हणाली. "पहिली तारीख अजून जायची आहे."