वेताळाचा मालक परदेशी

डोळखांबकडच्या आमच्या पाड्यात दरवर्षी बोहाडा होतो. देवादिकांचे मुखवटे घालून सोंगं नाचतात. कुठलं सोंग कोणत्या घरानं नाचवायचं हा मान ठरलेला, आणि नाचणाऱ्यानं दिवसभर उपास धरायचा. वेताळ माझ्या दोस्ताच्या, महादूच्या घरचा.

दोन सोंगांच्या मधे महादू टीव्हीवाल्यांच्या नकला करायचा. मालिकेतली सासू वळून बघते, ते वळणं त्यानं एकदा एवढं ताणलं की संबळवाले चहा पिऊन आले. एका वर्षी गाण्याच्या स्पर्धेतला परीक्षक झाला आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच रडला.

यंदा त्याचे गुडघे गेले. मूलबाळ नाही. पुतण्या हितेश कल्याणला मोबाइलच्या दुकानात. तो बोहाड्याला यायचा, फोटो काढायचा, निघून जायचा. आपल्यामागं वेताळ कोण नाचवणार, या काळजीनं महादूला झोप नव्हती. पण पोराला तोंड उघडून विचारेल तर तो महादू कसला.

होळीला हितेश पेढे घेऊन आला. वेताळाच्या मुखवट्याच्या फोटोचं त्यानं डिजिटल टोकन केलं होतं आणि ते कुण्या परदेशी माणसानं विकत घेतलं होतं. चित्र सगळ्यांनी बघायचं, मालक मात्र एकच, असं त्यानं समजावलं.

"म्हंजे आपल्या मानासारखंच," गुणाबाई म्हणाली. पाड्यातली सगळ्यात जुनी म्हातारी ती. "मग मान गेला म्हन की त्या मानसाकडं. आता त्यालाच बोलवा नाचाया. उपासबी त्यानंच धरायचा."

फोटो वेगळा, मुखवटा वेगळा, हे हितेशनं परोपरीनं सांगितलं. पण पंचांना म्हातारीचं पटलं. मालकाची परवानगी येईपर्यंत महादूनं मुखवट्याला हात लावायचा नाही. हितेशनं मेसेजवर मेसेज केले, उत्तर आलं नाही. मला त्या पोराचा भयंकर राग आला. 

बोहाड्यात वेताळाची पाळी आली, संबळ घुमू लागला. मुखवटा पाटावर तसाच. महादू आला तो लग्नातला कोट आणि काळा चष्मा घालून, तोंडासमोर काठीला लावलेला वेताळाचा फोटो धरून. मधोमध उभा राहिला आणि हलेचना.

"अरे, नाच की," मी ओरडलो.

"मी मालक हाय," फोटोमागून आवाज आला. "फोटो कदी नाचतो का? तुमी नुसता बघा आन पुढं पाठवा."

पाडा हसून हसून लोळला. पंचांनीही पोट धरलं. गुणाबाईनं पदरानं डोळे पुसले. "बास झाला," ती म्हणाली. "मालक आला, त्याची हौस फिटली. आता आपला वेताळ नाचू द्या."

महादू हसत मुखवट्याकडं वळला आणि गुडघ्यानं दगा दिला. तो मटकन खाली बसला. कुणी हसलं नाही. ही नक्कल नव्हती.

हितेश उठला. मोबाइल त्यानं माझ्या हातात दिला.

"काका, मी सकालपासून उपाशी हाय," तो म्हणाला.

 महादूनं बसल्या बसल्याच पोराला मुखवटा बांधला. 

हितेश वाईट नाचला. पाय चुकले, संबळवाल्यांची तारांबळ उडाली. महादू जमिनीवर हातानं ताल धरून होता. काळा चष्मा त्यानं काही काढला नाही, आणि मला तेव्हा महादू फार आवडला.

मुखवटा उतरवून हितेश धापा टाकत माझ्याकडं आला. "फोटो काढला का?"

"नाय रे, सुचलंच नाय," मी म्हणालो.

"बरा झाला," महादू म्हणाला. "तोबी इकला असता यानं."