उघड्या जबड्यात मोडलेलं पातं

आर्कान्सातल्या सुरीकारांत ऑर्व्हल टीगचं नाव निघतं ते पात्याच्या पाठीसाठी, म्हणजे धारेच्या उलट्या जाड कडेसाठी. धारेला पाणी देणारे पुष्कळ होते. पण कडक झालेल्या पात्याची धार पाण्यात बुडवून ठेवायची, वर राहिलेल्या पाठीवर ज्योत फिरवायची, पाठ निळी झाली की गार करायची, आणि हे तीनदा करायचं, म्हणजे पाठ मऊ पडते आणि पातं वाकलं तरी मोडत नाही, ही रीत त्याने बसवली. अकरा वर्षं आणि चारशेवर मोडकी पाती त्यात गेली. मग त्याने ती पुस्तिकेत लिहून सगळ्यांना देऊन टाकली.

म्हणून उस्तादकीची परीक्षा द्यायला बहुतेक लोक त्याच्याच भट्टीवर येत. टांगलेला दोर एका घावात कापायचा. पाइनच्या दोन फळ्या तोडायच्या. त्याच धारेने हातावरचे केस काढायचे. शेवटी पातं व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंजाच्या जबड्यात, आवळून काटकोनात वाकवायचं. मोडलं की नापास, आणि पुढची परीक्षा वर्षाने.

मार्चमध्ये लिओना टॅकेट आली. वय सेहेचाळीस, धंद्याने वेल्डर. दोर, फळ्या, केस, कुठेच अडली नाही.

"हात बरा आहे तुझा," ऑर्व्हल म्हणाला. "घरी बिस्किटंही अशीच जमतात का?"

"जळतात, मिस्टर ऑर्व्हल. नवरा मुकाट्याने खातो."

तिने पातं आवळलं, मुठीवर नळी चढवली आणि ओढली. निम्म्यात पातं कडकन मोडलं.

"पाठीची घाई केलीस," ऑर्व्हल म्हणाला. "तीनदा लिहिलंय मी, तीनदा!"

"मी चारदा तापवली होती."

"मग पुस्तिका परत वाच."

त्याने सुरीकारांच्या मंडळाला पाठवायच्या कागदावर नापास लिहून सही केली. ती मूठ तेवढी घेऊन गेली.

तिची गाडी रस्त्याला लागली आणि त्याला सहाणेजवळ तांब्याच्या दोन पट्ट्या दिसल्या. व्हाइसच्या जबड्यांवर बसवायच्या त्या. सोमवारी फाटकाची बिजागरी धरायला त्यानेच काढल्या होत्या. उघड्या जबड्याच्या धारदार कोपऱ्यावर पातं वाकवलं की तिथेच चीर जाते. त्याचं स्वतःचं पातंही मोडलं असतं. व्हाइसमध्ये उरलेल्या तुकड्याच्या पाठीवर त्याने कानस फिरवली. कानस सहज रुतली, टोकापर्यंत सारखी. इतकी सारखी पाठ त्याला स्वतःला क्वचित साधली होती.

फोन भिंतीवरच होता. त्याने केला नाही. पुढच्या महिन्यात मंडळ त्याचा सत्कार करणार होतं. एकोणीस दिवस तो फोनसमोरून गेला.

"कुणाचं काय बिघडवलंयस?" बायको व्हर्नाने विचारलं. "समोरचे बीन्स गार झाले."

"काही नाही," तो म्हणाला, आणि तेही खोटंच होतं.

विसाव्या दिवशी तो लिओनाच्या दारात उभा राहिला आणि सगळं सांगितलं. तिने आत बोलावलं नाही.

"कधी कळलं तुम्हाला?"

"त्याच दुपारी."

"मग मला काय सांगता? ज्या मंडळाला मी नापास म्हणून कळवलंत, त्यांना सांगा."

सत्काराच्या दिवशी दीडशे सुरीकार जमले, त्यांत लिओनाही होती. ऑर्व्हल उठला. पट्ट्या विसरलो, पातं मी मोडलं, दोष तिला दिला, आणि एकोणीस दिवस गप्प बसलो, एवढंच म्हणाला.

मंडळाच्या अध्यक्षांनी नापासाची नोंद खोडली. "लिओना, नवं पातं घडव. वर्षाची अट नाही. परीक्षा कुणाकडे देणार?"

"कुणाकडेही," ती म्हणाली. "टीग सोडून."

"बरोबर आहे," ऑर्व्हल म्हणाला आणि परीक्षकांच्या यादीतलं आपलं नाव स्वतःच्या हाताने खोडलं.