दैवशालाची झडती

दसरा झाला की आमच्या वस्तीवरून ऊसतोडीची टोळी निघते. बारा-तेरा कोयते असतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. वस्ती तीर्थपुरीपासून पाच किलोमीटर आत आहे. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर शाळेपुढं येऊन उभा राहतो. माणसं सहा महिन्यांचं घर त्यात भरतात आणि दारांना कुलपं लागतात. मी बत्तीस हंगाम गेलो. आता गुडघे काम देत नाहीत, म्हणून मागं राहतो.

निघायच्या आदल्या दिवशी दैवशाला दारोदार फिरते. चाळिशीची बाई, अंगानं किरकोळ, आवाज मोठा. लग्न होऊन आली त्या पहिल्या हंगामात तिची सुई घरी राहिली. फाटलेली बाही तिनं उसाच्या फडात बाभळीच्या काट्यानं टाचली आणि तो काटा दंडात मोडला. दंड पिकला, आठ दिवस कोयता उचलला नाही. दुसऱ्या वर्षीपासून ती स्वतःचं आवरून झालं की दुसऱ्याच्या दारात उभी राहायची. लोक त्याला दैवशालाची झडती म्हणू लागले.

"बॅटरी घेतली का?"

"घेतली."

"चालती का?"

"चालती की."

"लावून दाखव."

बॅटरी लागायची नाही. मग माणूस ओशाळून सेल आणायला दुकानाकडं पळायचा.

"तू पोलिसात पाह्यजे होतीस," असं तिला कुणी म्हणालं, की ती म्हणायची, "पोलीस झाले असते तर तुला आधी आत टाकलं असतं. चाळण घेतली का?"

पीठ, ताडपत्री, भांडी कुणी विसरत नाही. मोठ्या वस्तू समोर दिसतात. राहतं ते बारीक असतं. लेकराचं लशीचं कार्ड, जादा चपलेचा जोड, रेशन कार्ड. तिथं सहा महिने राहायचं असतं, आणि फडाजवळ दुकान नसतं. दैवशालाला हे सगळं तोंडपाठ होतं. तिला लिहिता येत नव्हतं, त्यामुळं विसरायची सोय नव्हती असं ती म्हणायची.

तिचा नवरा सोमेश्वर. उंच, मुका म्हणावा इतका शांत, कामाला चोख. मी माणसाला कामावरून ओळखतो. सोमेश्वरनं बांधलेली मोळी ट्रकवर टाकली तरी सुटायची नाही. त्याला फिट यायची. लहानपणापासून होती. जालन्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं गोळी लावून दिली, सकाळी एक, रात्री एक, आणि सांगितलं की एक दिवस चुकवायची नाही. गोळी लागू झाली. चार वर्षं त्याला फिट आली नाही. गोळी द्यायचं काम दैवशालाचं. त्याच्या हातावर ठेवायची, तोंडात जाईपर्यंत उभी राहायची.

आता त्या वर्षाचं सांगतो. सहा वर्षं झाली त्याला.

ट्रॅक्टर दुपारी तीनला निघणार होता. माझी बायको नंदाबाई दोन दिवस तापात होती. आमचं आवरायचं राहिलं होतं. दैवशाला एक वाजता आमच्या दारात आली.

"मामा, कानस कुठंय?"

कानस म्हणजे कोयत्याला धार लावायची लोखंडी पट्टी. ती सापडेना. मी म्हणालो, तिकडं कुणाची तरी घेऊ.

"दुसऱ्याच्या कानशीवर तुमचा कोयता चालन का? तुम्हीच शिकवलं ना आम्हाला?"

तिनं अर्धा-पाऊण तास आमचं घर उलथंपालथं केलं. कानस पत्र्याच्या आणि वाश्याच्या फटीत सापडली. मग तिनं आमची दोन गाठोडी बांधून दिली. तेवढ्यात ट्रॅक्टरवाल्या इनायतनं हॉर्न दिला. ती पळत घरी गेली, कुलूप लावलं आणि ट्रॉलीत चढली.

आमच्याकडं एक रीत आहे. टोळीचा नारळ फुटला, कुलूप लागलं, की कुणी माघारी फिरून ते उघडत नाही. हंगाम सरायच्या आधी उघडलेलं कुलूप घात करतं असं जुनी माणसं मानत. मीही मानत होतो. खोटं कशाला लिहू.

बारा किलोमीटर गेल्यावर दैवशाला ट्रॉलीत उभी राहिली. एका हातानं कडीला धरून दुसऱ्या हातानं पिशवी चाचपत होती. मग तिनं दुसरी पिशवी रिकामी केली.

"मामा, गोळ्या राह्यल्या."

"नीट पाह्य."

"पाह्यलं. सकाळची गोळी देऊन पाकीट परत कोनाड्यात ठेवलं. दिव्यापाशी. चिठ्ठी पण तिथंच हाये."

इनायतला मागून आरोळी मारून गाडी थांबवली. तो खाली उतरला. आमच्याबरोबर त्याचा आठवा हंगाम होता.

"पलटाऊ का चाचा? भाभी उतरन, घीऊन येईल. जाऊन-येऊन एक घंटा. बस."

सगळे माझ्याकडं पाहू लागले. मुकादम पुढं गेला होता. टोळीत वयानं मी मोठा, शब्द माझा होता. मी म्हणालो, कुलूप लागलंय. आणि गोळ्या काय तिकडं मिळत नाहीत का? कारखान्याचं गाव आहे, दहा मेडिकल असतील.

सोमेश्वर म्हणाला, "जाऊ द्या मामा. चार वर्षं काय झालं न्हाई."

दैवशालानं फोन काढला आणि वस्तीवर मागं राहिलेल्या सगुणाबाईला लावला. ही म्हातारी त्यांची शेजारीण.

"आत्या, माझं कुलूप तोडा अन् कोनाड्यातलं पाकीट कुणाच्या तरी हाती पाठवा."

सगुणाबाईचा आवाज फोनबाहेर आम्हाला ऐकू आला. "नारळ फुटल्यावर कुलूप तोडू म्हंतीस? अख्ख्या टोळीच्या मुळावर येतीस का गं?"

मी म्हणालो, "बराबर हाये तिचं. बस खाली."

ती बसली. ट्रॅक्टर निघाला. मी त्या वेळी मनात एवढाच हिशेब केला होता, की एक घंटा मागं पडलो तर उतरायला अंधार होईल आणि कोप्या, म्हणजे राहायच्या झोपड्या, अंधारात उभ्या कराव्या लागतील.

तिथं पोचल्यावर दुसऱ्या दिवशी ती कारखान्याच्या गावात जाऊन आली. चालत चार किलोमीटर जाणं, चार येणं. मेडिकलवाल्यानं गोळीचं नाव विचारलं. तिनं सांगितलं, पांढरी हाये, मधी चीर हाये. तो म्हणाला, बाई, अशा शंभर गोळ्या आहेत, चिठ्ठी आण. सरकारी दवाखान्यात गेली तर डॉक्टर सोमवारी भेटतील असं कळलं. त्या दिवशी शुक्रवार होता.

शनिवारी फड सुरू झाला. रविवारी संध्याकाळी ती माझ्या कोपीपाशी आली.

"मामा, उद्या आम्हा दोघांना अर्ध्या दिवसाची सुट्टी द्या. त्यांना डॉक्टरला दाखवून आणते."

मी विचारलं, "काय व्हायलंय का त्याला?"

"अजून न्हाई. पण डावा अंगठा हलून राह्यलाय. फिट यायच्या आधी तसंच व्हायचं."

सोमवारी सकाळी दोन ट्रक भरायचे होते. भरणी म्हणजे खालून मोळी डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून चढून ट्रकवर टाकायची. एक मोळी पंचवीस किलोच्या खाली नसते. एक कोयता कमी झाला की त्याच्या मोळ्या बाकीच्यांच्या डोक्यावर जातात. नंदाबाई अजून अशक्त होती, म्हणून आमच्या वाट्याचंही दुसरे उचलत होते. मी आयुष्यभर हे मोजत आलो. कुणी किती उचललं, कुणी किती टाळलं. मला वाटायचं, माणसाची किंमत एवढीच असते.

मी म्हणालो, "भरणी झाली की जा. दहापर्यंत मोकळे होतान."

"भरणीलाच भ्याव वाटतंय मला."

"मंग त्याला खाली ठेव. मोळ्या उचलून देईल. वर चढायचं न्हाई."

ती बरं म्हणाली.

सकाळी सोमेश्वर खाली उभा राहून मोळ्या उचलून देऊ लागला. पहिला ट्रक भरला. दुसऱ्याला हरिओम नावाच्या नव्या गड्याचा पाय मुरगळला आणि तो बसला. एक माणूस वर कमी पडला. मी कुणाला काही म्हणालो नाही. सोमेश्वरनं स्वतःहून मोळी डोक्यावर घेतली आणि फळीवर पाय ठेवला. मी दोन हात अंतरावर उभा होतो. मला त्याला थांबवता आलं असतं. मी ट्रककडं पाहिलं, तो अर्धा रिकामा होता, आणि मी थांबवलं नाही.

त्यानं अशा सात मोळ्या वर नेल्या. आठव्या मोळीला तो फळीच्या मधोमध थांबला. दोन्ही हात वर, मोळीला धरलेले. त्याचा डावा अंगठा उसावर ठोके द्यावे तसा हलत होता. मी "सोमेश्वर" अशी हाक मारली. त्यानं ऐकलं नसावं. तो ताठ झाला आणि बाजूला पडला. फार उंची नव्हती. माणसाएवढी असेल. पण डोकं खाली आलं आणि मोळी मानेवर.

दैवशाला पलीकडं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बांधत होती. ती आली तेव्हा मोळी आम्ही बाजूला केली होती. त्याचं अंग झटके देत होतं, पण मान वेगळ्या बाजूला होती. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं नाही. फिटमध्ये कुशीवर करायचं असतं हे तिला डॉक्टरनं शिकवलं होतं. तिनं त्याला कुशीवर केलं, तोंड पुसलं आणि झटके थांबायची वाट पाहिली. ते थांबले. मग त्याचा श्वासही थांबला.

गाडी करून आम्ही त्याला वस्तीवर आणलं. मी बरोबर होतो. पोचलो तेव्हा दुपार होती. दार बंद होतं. दैवशालानं कमरेची किल्ली काढली. सगुणाबाई आणि बाकीची म्हातारी माणसं अंगणात उभी होती.

कुलूप उघडून ती आधी आत गेली. मी मागोमाग. कोनाड्यात दिव्याच्या शेजारी पाकीट होतं. त्याच्याखाली घडी केलेली चिठ्ठी. पाकिटावर तेलाचं बोट उमटलं होतं, एवढंच. तिनं ते हातात घेतलं आणि माझ्याकडं वळली.

"मामा, उघडलं कुलूप. आता काय व्हायचं ते होऊ द्या."

मी बाहेर आलो. मला बसायला जागा सापडेना.

त्यानंतर ती ऊसतोडीला गेली नाही. तीर्थपुरीच्या बाजारात भाजी निवडायचं काम धरलं. लेक शालू जांब समर्थला दैवशालाच्या भावाकडं शिकत होती, तिला परत आणली. मीही पुढं दोनच हंगाम काढले.

दुसऱ्या वर्षी टोळी निघायच्या आदल्या दिवशी ती येईल असं कुणाला वाटलं नव्हतं, पण दैवशाला दारोदार आली. फक्त तिची विचारायची रीत बदलली होती. बॅटरी, चाळण ती विचारत नव्हती.

"आज सकाळी उठल्यापासून हातात काय काय घेतलं, ते वळीनं सांग."

"काय घेणार? ब्रश. चहाचं भगुनं. म्हातारीचा चष्मा पुसून दिला."

"मंग?"

"मंग मोबाईल."

"ह्यातलं गाठोड्यात काय हाये?"

काहीच नसायचं. कारण जे रोज लागतं ते शेवटपर्यंत बाहेर असतं. आधी बांधून ठेवता येत नाही आणि शेवटी हातात वेळ नसतो. तिनं मला हे एकदा सांगितलं. आवाज कोरडा होता. "गोळ्या मी विसरले न्हाई मामा. गोळ्या रोज देत होते म्हणून राह्यल्या."

तिनं आणखी एक केलं. प्रत्येक घराची दुसरी किल्ली मागून घेतली. पहिल्या वर्षी दोघांनी दिली. सगुणाबाई भांडली. पुढल्या वर्षी सहा झाल्या. आता सगळ्यांच्या किल्ल्या तिच्याकडं एका सुतळीत असतात. मागं राहिलेली वस्तू ती कुलूप उघडून काढते आणि एसटीनं पाठवते. माझ्यासमोर तिनं आजवर कितीतरी कुलपं उघडली आहेत. टोळीला त्यामुळं काही झालेलं नाही. तरी दर वेळी दोन म्हाताऱ्या तोंड फिरवतात.

यंदा ट्रॅक्टर निघाला. इनायतच चालवतो अजून, त्याची दाढी पांढरी झाली. गाडी वेशीपर्यंत गेली असेल, आणि हरिओमची बायको प्रिया ट्रॉलीतून ओरडली.

"दैवशालाकाकू, चार्जर राह्यला!"

गाडीत हशा झाला. कुणी म्हणालं, "चार्जरसाठी थांबायचं का आता? तिकडं वीस ठिकाणी मिळन."

इनायतनं ब्रेक लावला. तो माझ्याकडं पाहत होता. मी शाळेच्या पायरीवर बसलो होतो.

दैवशालानं सुतळीतून एक किल्ली सोडवली आणि माझ्यापुढं धरली.

"तुम्ही उघडा."

"माझे गुडघे..."

"मला ठाऊक हायेत तुमचे गुडघे."

मी उठलो. हरिओमचं घर साठ-सत्तर पावलांवर आहे. सगळी टोळी ट्रॉलीतून पाहत होती. माझ्या वयाच्या माणसानं असं करणं आमच्या वस्तीवर कुणी पाहिलं नव्हतं. कुलूप गंजलेलं होतं, किल्ली दोनदा अडली. आत चुलीचा वास अजून ओला होता. चार्जर भिंतीला लटकत होता, बटन चालूच. मी बटन बंद केलं, वायर गुंडाळली, कुलूप लावून ओढून पाहिलं आणि वेशीपर्यंत चालत जाऊन तो प्रियाच्या हातात दिला.

मी परतलो तेव्हा दैवशाला शाळेच्या पायरीपाशीच उभी होती. तिनं किल्ली परत घेतली आणि सुतळीत ओवली. माझ्याकडं पाहिलं नाही.

जाऊन-येऊन मला नऊ मिनिटं लागली. इनायतनं त्या दिवशी एक घंटा सांगितला होता.