उड्याबाईंचं अंगण

बालवाडीत त्यांना उड्याबाई म्हणत. हे नाव पोरांनी नव्हे, पालकांनी ठेवलेलं, आणि त्यात कौतुक तोंडी लावण्यापुरतंच होतं. पोरं नुसतं बाई म्हणायची आणि मातीचे हात त्यांच्याच कपड्यांना पुसायची.

शाळेच्या मागे अंगण होतं. साधं मातीचं, एका कोपऱ्यात नळ, दुसऱ्या कोपऱ्यात जुने टायर. पोरं यायच्या आत उड्याबाई तिथे पांढऱ्या फक्कीने चौकोन आखत आणि त्यांत आकडे लिहीत. शेजारी एखादं थोरलं अक्षर काढत, इतकं थोरलं की पोरांनी त्याच्या रेघेवरून रांगेने चालत जावं. आधी अक्षर पायांनी गिरवायचं, पेन्सिल मागाहून. बेरजा तर चौकोनांतून उड्या मारतच व्हायच्या. वर्गात ज्याला पाचाच्या पुढे सुचत नसे, तो अंगणात धापा टाकत वीसपर्यंत मोजायचा. चेंडूसाठी पाळी लावता लावता हट्टी पोरंही थांबायला शिकायची, आणि त्यासाठी कुणाचा कान धरावा लागत नसे.

पालकांना मात्र दिसायचे फुटलेले गुडघे आणि मळके मोजे. "शाळेत काय केलंस विचारलं, तर म्हणतो टायरमधून निघालो," एक वडील कुरकुरले होते. उड्याबाईंचं उत्तर ठरलेलं असे. "लहान मुलाचे पाय थांबले की डोकं थांबतं हो. पाय चालू द्या." हे त्या इतक्यांदा म्हणाल्या होत्या की शाळा चालवणाऱ्या मोठ्या बाई ते वाक्य सुरू झालं की खिडकीबाहेर बघू लागत.

मग पलीकडच्या रस्त्यावर नवी बालवाडी निघाली. तिथली पोरं म्हणे पानंच्या पानं लिहीत होती. काही पालक तिकडे वळले आणि मोठ्या बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. अंगणात खोली बांधायची आणि बाकं टाकायची, असं त्यांच्या मनाने घेतलं. उड्याबाई भांडल्या. जन्मात कधी आवाज न चढवलेली बाई टेबलावर हात आपटून भांडली. शेवटी मोठ्या बाई म्हणाल्या, "बरं, पालकांना बोलावते. तुमच्या उड्यांतून मुलं काय शिकली ते दाखवा त्यांना. पटलं तर राहील अंगण."

आता कुणाला पुढे करायचं? वर्गात पोरं कमी नव्हती. पण उड्याबाईंची नात त्याच वर्गात होती, आणि घरचं सोनं पुढे करायचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. नातीला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी उभी राहिलेली कुणी पाहिली नव्हती. जिना उतरताना ती दोन पायऱ्या उडी मारायची, मग तीन, आणि खाली पोचून ओरडायची, "पाच."

"आई, दुसऱ्या कुणाला तरी उभं करा ना," सून म्हणाली. "हिचं चुकलं तर चारचौघांत मलाच खाली बघावं लागेल."

"चुकतंय कशाला? जिन्यात बेरजा करते पोरगी," उड्याबाई म्हणाल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सभेच्या दिवशी त्यांनी अंगण झाडून चौकोन नव्याने आखले. पण ऊन चढलं होतं, पालक कामावर जायच्या कपड्यांत आले होते, आणि मोठ्या बाईंनी खुर्च्या आत वर्गात मांडून घेतल्या. "मातीत कशाला? इथेच विचारू. ज्याला येतं त्याला कुठेही येतं." शहाण्या माणसांचं बोलणं असंच गुळगुळीत असतं, धरायला जावं तर हातातून निसटतं. तिथे उड्याबाईंनी तोंड उघडायला हवं होतं. त्या मूग गिळून उभ्या राहिल्या.

भिंगरीला टेबलाशेजारी उभं केलं. "सांग बाळ, पाच आणि तीन किती?" मोठ्या बाईंनी विचारलं.

भिंगरीने क्षणभर खाली पाहिलं. फरशीवर चौकोन नव्हते, पण तिचं त्यावाचून अडत नव्हतं. तिने एक पाय उचलला आणि लंगडत उडी घेतली. दुसरी घेतली. मागच्या खुर्चीवर कुणीतरी फसकन हसलं, मग ते हसू रांगेरांगेने पुढे आलं. सुनेची मान खाली गेली. आपलं हसं झालं, नातीचं झालं, सुनेचं झालं, एवढंच उड्याबाईंना दिसत होतं, आणि जे शब्द आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडी ऐकून त्या चिडल्या होत्या, तेच त्यांच्या तोंडून निघाले.

"पाय आवर," त्या भिंगरीवर खेकसल्या. "लोक बघतायत."

भिंगरीने आजीकडे पाहिलं. पाय खाली ठेवला, दुसऱ्याला जुळवला. मग तिला काही म्हणजे काही सुचेना. मोठ्या बाईंनी पुन्हा विचारलं, गोड आवाजात विचारलं, बोटं दाखवून विचारलं. अजून सहा उड्या मारू दिल्या असत्या तर तिने आठ म्हटलं असतं. ते त्या खोलीत एकट्या उड्याबाईंना माहीत होतं, आणि गप्प बसवणाऱ्याही त्याच.

अंगण गेलं. मोठ्या बाईंचा सुंठीवाचून खोकला गेला. खोली झाली, बाकं आली, टायर भंगारात गेले. उड्याबाईंना कामावरून काढलं नाही, तेवढी माणुसकी दाखवली. नव्या खोलीत पोरांना शांत बसवायचं काम त्यांना दिलं. हाताची घडी, तोंडावर बोट. त्या ते इमानाने करत, कारण घरी बसून सुनेचा अबोला सोसण्यापेक्षा ते बरं होतं. उड्याबाई हे नाव मात्र कुणी बदललं नाही. लोकांना अशा वेळी गंमत बरोबर कळते.

सभेच्या दिवशी संध्याकाळी आजी आणि नात घराचा जिना उतरत होत्या. भिंगरी कठडा धरून एकेक पायरी उतरत होती, दोन्ही पाय टेकवून, मोठ्या माणसासारखी.

"मोज की," उड्याबाई म्हणाल्या. "मार उड्या."

भिंगरीने नाही म्हणून मान हलवली.

"अगं, कुणी काही म्हणणार नाही. हे बघ, मी मारते." त्यांनी दुखरे गुडघे वाकवले आणि एक पायरी उडी घेतली. "एक." धापा टाकत आणखी एक घेतली. "दोन. पुढे तू."

खालच्या मजल्याचं दार उघडं होतं. भिंगरीने तिकडे पाहिलं, मग पुढे होऊन आजीचा हात घट्ट धरला.

"आजी, पाय आवर," ती हळूच म्हणाली. "लोक बघतायत."