इस्त्रीकाकांचं फुकटचं टचिंग

इस्त्रीकाका कपड्यांना नाही, चेहऱ्यांना इस्त्री करत. फोटो लॅबच्या मागच्या खोलीत बसून त्यांनी बत्तीस वर्षं लोकांचे डाग, तीळ, मुरुम आणि जोडहनुवट्या काढल्या. आधी बारीक ब्रशने, नंतर कॉम्प्युटरवर. गावातली निम्मी लग्नं आपल्या टचिंगमुळे जमली, असं ते छाती पुढे काढून सांगत. आणि काही त्यामुळेच मोडली, असं त्यांची बायको सांगे, कारण समोरासमोर भेटल्यावर फोटोतला माणूस कोणता तेच कळायचं नाही.

त्यांची लेकही फोटो काढायची, पण बापाच्या वळणावर गेली नव्हती. तिला सुरकुत्याच आवडायच्या. ती आणि आणखी सहा फोटोग्राफर मिळून वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवणार होते. विषय होता, माणूस असणं म्हणजे काय. "सात जणांना मिळून ठरवता येत नाही म्हणजे अवघडच आहे," काका म्हणाले.

लेकीचं हे पहिलंच प्रदर्शन. ग्रुपचा म्होरक्या, ज्याला सगळे दाढीवाला म्हणत, त्याला प्रिंट दुसरीकडून हव्या होत्या. ती हट्टाला पेटली आणि बाबांच्या लॅबला काम मिळवून दिलं. "काही बिघडलं तर माझे फोटो प्रदर्शनातून काढून घेईन," असंही ऐटीत बोलून बसली. त्या फोटोंत एक तिच्या आईचा होता. दोन वर्षांपूर्वी आईच्या चेहऱ्यावरून वारं गेलं होतं. औषधपाणी झालं, पण ओठाचा डावा कोपरा उतरला तो उतरलाच. तेव्हापासून ती कॅमेरा दिसला की उठून जायची. लेकीने महिनाभर मागे लागून तिला कशीबशी तयार केलं होतं, आणि आई त्या फोटोत चक्क हसत होती.

"बाबा, नुसत्या प्रिंट काढा," लेकीने बजावलं होतं. पण पोटच्या पोरीचं काम आणि नुसत्या प्रिंट? काकांना ते पटेना. तीन दिवस ते डबा खायला उठले नाहीत. सातही जणांचे मिळून चोवीस फोटो त्यांनी एकेक करून घासूनपुसून लख्ख केले.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी लेक पाहुण्यांच्या स्वागताच्या तयारीत अडकली होती, म्हणून फ्रेमही काकांनीच लावून घेतल्या. अकरा वाजता ग्रुप हॉलमध्ये शिरला आणि एकच बोंबाबोंब झाली. नव्वदीची भाजीवाली चाळिशीची झाली होती. कोळशाच्या वखारीतला हमाल नुकताच आंघोळ करून आल्यासारखा दिसत होता. पैलवानाचा तुटका कान पुन्हा जागेवर आला होता. आणि बोळक्या तोंडाने हसणाऱ्या म्हाताऱ्याला काकांनी शेजारच्या फोटोतल्या ड्रायव्हरचे दात बसवले होते, सोन्याच्या दातासकट.

"हे काय आहे?" दाढीवाला ओरडला.

"आभार नकोत," काका म्हणाले. "घरचंच काम आहे."

 लेकीचा चेहरा पांढराफटक पडला आणि बोलल्याप्रमाणे ती आपले फोटो भिंतीवरून उतरवू लागली. तेव्हा कुठे काकांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पाचला उद्घाटन आहे ना? चारपर्यंत सगळे मूळ फोटो आणतो," असं म्हणून ते जिना उतरले, आणि त्या वयात लॅबपर्यंत अक्षरशः पळाले.

त्यांनी शब्द पाळला. भाजीवालीच्या सुरकुत्या परत आल्या, ड्रायव्हरचे दात ड्रायव्हरकडे गेले. तेवीस प्रिंट झाल्या. चोविसावी, बायकोची, त्यांनी टचिंग केलेली तशीच ठेवली आणि ऐन वेळी स्वतःच भिंतीवर टांगली. बायको चारचौघांत वाकड्या तोंडाने टांगली जाणार, हे काही त्यांच्याने बघवेना.

पाच वाजता बायको आली. थेट आपल्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. ओठ सरळ, गाल भरलेले, जणू दोन वर्षांत काही झालंच नव्हतं. काका मागे उभे राहून शाबासकीची वाट बघत होते.

"छान आहे हो," ती म्हणाली. "पण ही तर दोन वर्षांपूर्वीच गेली. माझा फोटो कुठाय?"

काका बाहीने फ्रेमची काच पुसू लागले.

"हिची आठवण येते तुम्हाला, ते कळतं मला. मलाही येते. पण घरी आता मी असते."

बत्तीस वर्षांत काकांना आपल्या कामाची लाज वाटली नव्हती, ती त्या क्षणी वाटली. त्यांनी पाहुण्यांदेखत फ्रेम उतरवली आणि पुन्हा लॅब गाठली. मूळ फोटो पडद्यावर मोठा केला. सवयीने हात माउसकडे गेला, तसा त्यांनी तो मांडीखाली दाबून धरला. फोटोतली बायको हसत होती, वाकडी, मनापासून. ते बराच वेळ नुसते बघत बसले. अशी तिला त्यांनी याआधी धड पाहिलीच नव्हती. मग डाव्या हाताने त्यांनी प्रिंट काढली.

फ्रेम भिंतीवर गेली तेव्हा निम्मे पाहुणे परतले होते. बायकोने चष्मा पुसून फोटो नीट बघितला.

"ओठ राहू दे तसाच," ती हळूच म्हणाली, "पण अहो, डोळ्यांखालचं काळं तेवढं काढायला काय झालं होतं?"