बावीस घरांचं ‘छान’

माझ्या मामाला एका जागी स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. जेवता जेवता उठून तो आमच्या टीव्हीचा आवाज तपासायचा. आई ओरडायची, “अरे, आधी गिळ तरी!” टेकडीवरच्या टीव्ही प्रक्षेपण केंद्रात त्याने एकतीस वर्षं काढली. तिथेही सगळे त्याला भिंगरीच म्हणत.

आमचं घर टेकडीच्या मागच्या खोऱ्यात. पडद्यावर बारा महिने मुंग्या. पण आवाज यायचा, आणि बाबांना तेवढा पुरे होता. त्यांची दृष्टी जाऊन सहा वर्षं झाली होती. दुपारच्या बातम्या ऐकताना ते बातम्या देणारीशी भांडायचेसुद्धा.

जुनं प्रक्षेपण बंद करून डिजिटल सुरू करायचं ठरलं, तेव्हा खोऱ्यातल्या बावीस घरांची पाहणी मामाकडे आली. प्रश्न एकच, चित्र कसं दिसतं? आता, जो माणूस सुट्टीच्या दिवशी तुमच्या छपरावर चढून अँटेना फिरवून देतो, त्याच्या तोंडावर वाईट कोण म्हणणार? बावीसच्या बावीस घरांनी “छान” सांगितलं. हातातलं सिग्नल मोजायचं यंत्र वेगळंच सांगत असताना मामाने खुशीत तेच लिहून दिलं. मला अजून त्याचा राग येतो. एवढा शहाणा माणूस, कौतुक ऐकून विरघळला! त्या कागदावरून वर ठरलं, की खोऱ्याला वेगळ्या छोट्या मनोऱ्याची गरज नाही.

जुनं बंद व्हायला आठवडा उरला असताना मामा नवा डबा घेऊन आला. नव्याची चाचणी चालू होती. डबा जोडला, तर पडदा काळा. मुंग्या नाहीत, आवाजही नाही.

“याचं असंच असतं,” मामा म्हणाला. “आलं तर पूर्ण, नाहीतर काहीच नाही.”

तीन तास तो छपरावर अँटेना फिरवत होता. खाली आला तो तोंड पाडूनच. मग रोज आमच्या अंगणात येरझाऱ्या. फोन उचलायचा, ठेवायचा. महिनाभरात तो निवृत्त होणार होता, आणि जुनं प्रक्षेपण बंद करायचं बटण दाबायचा मान त्यालाच दिला होता. चूक कबूल केली तर मान जाणार, गप्प बसलं तर बाबांच्या बातम्या जाणार.

बटण दाबायच्या समारंभाच्या सकाळी अकराला आमचा फोन वाजला.

“दाजी, मी साहेबांना सगळं सांगितलंय, पण त्यांना पटत नाहीये. स्पीकरवर आहात, सगळे ऐकतायत. नव्या डब्यावर काय येतंय ते खरं सांगा.”

बाबांनी घसा खाकरला. समोर डबा ढिम्म पडलेला.

“एकदम झकास!” बाबा म्हणाले. “चित्र तर काय, आरशासारखं!”

चित्र! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन हिसकावला. “मामा, बाबा थापा मारतायत. चित्र नाही, आवाज नाही, काही म्हणता काही नाही!”

तिकडे कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी विचारलं, “मग तुम्ही छान का लिहिलंत?”

“ऐकून बरं वाटलं साहेब,” मामा म्हणाला. “म्हणून लिहिलं.”

फोन ठेवला तशी बाबा माझ्यावरच चिडले. “त्याच्या मानाचा दिवस होता गं. माझं काय एवढं?”

जुनं प्रक्षेपण आणखी पाच महिने चाललं. तेवढ्या काळात खोऱ्यात छोटा मनोरा उभा राहिला आणि बाबांचं भांडण तसंच चालू राहिलं, आता स्वच्छ आवाजात. बटण दुसऱ्याच कुणीतरी दाबलं. मामा तोवर निवृत्त झाला होता, त्याला साधं बोलावणंही आलं नाही.

मी विचारलं, “वाईट वाटलं का रे मामा?”

“खूप,” तो म्हणाला.